शेअरचं ‘टार्गेट १४०’ येतं कुठून?

फैजपूरच्या केळीला वायदेबाजार नाही; पण शेअर्स आणि सोन्याची ‘टार्गेट’ इथल्याही मोबाइलवर येतात. हा आकडा काढतात कसा?

समजा, एक शेअर बरेच दिवस १०० ते १२० रुपयांत फिरतोय. १०० हा सपोर्ट, १२० हा रेझिस्टन्स, मधलं अंतर २०. भाव १२० च्या वर टिकला, की त्यात तेच २० मिळवतात. झालं टार्गेट १४०!

भाव परत खाली आला तर? म्हणून स्टॉप लॉस आधीच ठरवायचा. १२० ला खरेदी आणि ११४ ला स्टॉप लॉस, म्हणजे २० रुपयांच्या आशेसाठी ६ रुपयांची जोखीम.

सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. त्यामुळे टार्गेट सांगणाऱ्याला आधी दोन गोष्टी विचारा: स्टॉप लॉस किती आणि सेबीचा नोंदणी क्रमांक कोणता?