सांजवेळेचे छायाचित्र

कृष्णाकाठच्या वाई गावी ढोल्या गणपतीचे प्रसिद्ध देऊळ आहे. ते १७६२ साली बांधले गेले. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची केली आहे. समोर दगडी घाट, मावळतीकडे डोंगरांच्या रांगा! सायंकाळी हे दृश्य पाहिले की ते टिपून ठेवावे, असे कोणासही वाटते. पण छायाचित्र हाती आले म्हणजे बहुधा निराशा पदरी पडते. एक तर आकाश पांढरेफटक उमटलेले असते, नाही तर देऊळ काळोखात बुडालेले असते.

असे का व्हावे? आपण आकाशाकडे पाहतो तेव्हा डोळ्याची बाहुली आकसते; घाटाकडे नजर वळताच ती विस्फारते. या दोन्ही अनुभवांची सांगड मेंदू नकळत घालतो. कॅमेऱ्याला मात्र एका चित्रापुरता एकदाच ठरवून प्रकाश आत घ्यावा लागतो. आकाशाचे रंग राखावेत, तर देवळाची केवळ काळी आकृती उरते. पायऱ्या दिसाव्यात, तर रंग विटतात. काय राखावे आणि काय सोडावे, हे छायाचित्रकारानेच ठरवायचे असते.

थोडा धीर धरला, तर ही अडचण बरीच कमी होते. सूर्य बुडाल्यावर आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटे संधिप्रकाश रेंगाळतो. आकाश हळूहळू मंदावते, काठावरचे दिवे लागतात आणि काही क्षण दोहोंचे तेज जवळजवळ सारखे होते. पुष्कळ लोक सूर्य दिसेनासा होताच साहित्य आवरतात, ही मोठी घाई होय.

या वेळी नदीचे साहाय्य होते. पायाशी वाकून पाहा, पाण्याचा तळ दिसेल; दूरवर तिरपी नजर टाका, तेथे आकाशच दिसेल. नजर जितकी तिरपी, तितका अधिक प्रकाश पाण्यावरून परत फिरतो. म्हणून कॅमेरा पाण्यालगत खाली धरला, तर नदीच्या पात्रात आकाश उतरते.

प्रकाश थोडा असल्याने कॅमेऱ्याची झडप अर्धा किंवा एक सेकंद उघडी ठेवावी लागते. इतका वेळ हात स्थिर राहत नाही. तिवई हवी, नाही तर घाटाची पायरी आहेच! तेवढ्या वेळात वाहते पाणी मऊ वस्त्रासारखे उमटते आणि चालती नाव पुसट होते. ज्याला लाटा स्पष्ट हव्या असतील, त्याने उजेड असतानाच चित्र घ्यावे.

हल्लीचे फोन एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकत्र जुळवतात, त्यामुळे काळोखातील पायऱ्याही उजळतात. सोय मोठी खरी. पण कधी कधी सांजवेळ दुपारसारखी दिसू लागते. थोडा काळोख चित्रात राहू द्यावा, हे बरे. मग काठावरच्या एकेका दिव्याचे प्रतिबिंब हलत्या पाण्यावर लांबत लांबत आपल्या पायांपर्यंत आलेले दिसते.