ब्रेन, एमजी आणि वरणगावचं काडतूस

चाळीसगावहून रेल्वेनं पाचोरा, जळगाव, भुसावळ ओलांडलं की वरणगाव येतं. तिथल्या आयुधनिर्माणीत सैन्याच्या छोट्या हत्यारांची काडतुसं तयार होतात. आपली नि शत्रूची एलएमजी, म्हणजे हलकी मशिनगन, ताडून पाहायची तर सुरुवात काडतुसापासून करावी, कारण नळीची लांबी आणि गोळीबाराचा वेग सांगणारे तक्ते अर्धंच सांगतात.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणींकडे ब्रेन नावाची एलएमजी होती. मूळ रचना चेकोस्लोव्हाकियातली, बांधणी इंग्लंडची. वर तीस गोळ्यांचं वाकडं मॅगझिन, मिनिटाला साधारण पाचशे गोळ्यांचा वेग आणि अचूक नेम. समोर जर्मनांची एमजी ४२ होती. पत्रा ठोकून बनवलेली, काडतुसांच्या पट्ट्यावर चालणारी, मिनिटाला बाराशे गोळ्या ओकणारी. इतक्या वेगात एकेक आवाज वेगळा ऐकूच येत नाही. तिची नळी लवकर तापे आणि सारखी बदलावी लागे. खरा फरक मात्र सेक्शनच्या, म्हणजे लहान तुकडीच्या, बांधणीत होता. ब्रिटिश पद्धतीत ब्रेननं शत्रूला दाबून धरायचं आणि रायफलवाल्यांनी पुढे सरकायचं. जर्मनांकडे सगळा मान मशिनगनलाच, बाकीची माणसं जणू तिची काडतुसं वाहायला.

ही बांधणी मोडायची तर गनपर्यंतच पोचावं लागे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. त्यांच्याखेरीज सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटेच धावून गेले. ग्रेनेडनं मशिनगन आणि ती चालवणारा उडवला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं संपवलं. मग स्नायपरच्या गोळ्यांनी ते पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

फाळणीत सैन्य वाटलं गेलं, ब्रेनही वाटली गेली. काश्मीरच्या पहिल्या लढाईत दोन्ही बाजूंना तीच होती. 'आपली' आणि 'त्यांची' असा तक्ता तेव्हा मांडता आला नसता. पुढे आपण ब्रेन ७.६२ मिमीसाठी बदलून घेतली. पाकिस्ताननं वाह इथल्या कारखान्यात एमजी ३ बनवायला घेतली, म्हणजे त्याच एमजी ४२ची लेक. इटलीत मराठ्यांपुढे असलेलं घराणं असं शेजारी येऊन बसलं.

आपल्याकडे मग ५.५६ मिमीची इन्सास एलएमजी आली. काडतूस हलकं, त्यामुळे जवान जास्त गोळ्या नेऊ शकतो. पण मॅगझिन तीसचंच, आणि लांबवर मारा कमी पडतो. मार्च २०२० मध्ये इस्रायलच्या, पट्ट्यावर चालणाऱ्या १६,४७९ नेगेव्ह एनजी-७ साठी सुमारे ८८० कोटींचा करार झाला. काडतूस ७.६२ बाय ५१, पाकिस्तानच्या एमजी ३चं तेच. चीनचं ५.८ मिमीचं काडतूस मात्र त्यांचं स्वतःचंच. वाद घालणारे अजून ब्रेनच्या नेमाची थोरवी गातात, पण पट्ट्याचा जर्मन हट्ट शेवटी आपणही पत्करला, आणि माझ्या मते तो योग्यच आहे.

किंमत वजनात मोजावी लागते. ७.६२चं एक काडतूस सुमारे चोवीस ग्रॅमचं, ५.५६चं त्याच्या निम्म्याचं. दोनशेंच्या पट्ट्यातली नुसती काडतुसंच जवळपास पाच किलोंची. असे दोन-तीन पट्टे घेऊन उंच चढण चढणारा गनचा जोडीदार कुठल्याच तक्त्यात येत नाही.