दात काढला, पण हाडाचे काय?

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. हल्ली तिला आणखी एक जोड द्यावी लागते. कृत्रिम दात रोवण्याची सोय आहे, खर्चाची तयारीही आहे. पण दात रोवायला जबड्यात पुरेसे हाडच नाही! दुखणारी दाढ काढली, ठणका थांबला आणि 'पुढचे पुढे बघू' म्हणत दोन-चार वर्षे गेली, की पुष्कळांच्या वाट्याला हे येते.

हाड का झिजते?

प्रत्येक दात जबड्याच्या काठावरील हाडाच्या खोबणीत बसलेला असतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. आपण चावतो तेव्हा त्याचा दाब या तंतूंमार्फत हाडाला मिळतो आणि हाड सुदृढ राहते. दात गेला की या हाडाला काम उरत नाही, आणि ज्याला काम नाही ते शरीर फार काळ पोसत नाही. बांधावरचे झाड उपटले की पावसागणिक बांधाची माती वाहून जाते, तसाच हा प्रकार आहे.

दात काढल्यावर खोबणीत रक्ताची गाठ धरते व हळूहळू तेथे नवे हाड भरते, हे खरे. पण त्याच वेळी खोबणीच्या भिंती खचतात. त्यातही ओठाकडील भिंत फार पातळ, समोरच्या दातांपाशी तर बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची असते. ती आधी जाते. पहिल्या सहा महिन्यांत हाडाची रुंदी सरासरी ३ ते ४ मिलिमीटर आणि उंची १ मिलिमीटरहून थोडी अधिक कमी होते. सर्वांत जास्त झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते.

इंप्लांट, म्हणजे जबड्यात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, साधारण ४ मिलिमीटर जाडीचा असतो. स्वीडनचे डॉ. ब्रानेमार्क यांनी १९६५ साली तो प्रथम रुग्णाला बसवला. त्याच्या दोन्ही बाजूंना दीडेक मिलिमीटर हाड हवे. म्हणजे काठ सुमारे ७ मिलिमीटर रुंद हवा. तेथे दोन मिलिमीटरचा फरकही मोठा ठरतो. इंप्लांट करायचे नसले, तरी काठ खचल्यामुळे कवळी सैल बसते किंवा ब्रिजच्या दाताखाली फट राहून तेथे अन्न अडकते.

यावर उपाय कोणता?

दात काढतानाच त्या खोबणीत हाडाची भर घालता येते. भूल तीच, बैठकही तीच. डॉक्टर हाड न मोडता, हलक्या हाताने दात काढतात, खोबण स्वच्छ खरवडतात, तीत बारीक दाणे भरतात, वर कोलॅजनचा पातळ पडदा ठेवतात आणि टाके घालतात. हे दाणे इमारतीच्या परांचीसारखे काम करतात. त्यांच्या आधाराने नवे हाड वाढते. पुढे काही प्रकारचे दाणे विरघळतात, तर काही हाडातच राहतात. साधारण चार ते सहा महिन्यांनी तेथे इंप्लांट बसवता येते.

दाणे चार प्रकारचे असतात : रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचे, दात्याच्या हाडापासून निर्जंतुक केलेले, जनावराच्या, बहुधा गाईबैलांच्या, हाडापासून बनवलेले, आणि कॅल्शियम फॉस्फेटसारख्या पदार्थांचे कृत्रिम. कोलॅजनचा पडदाही बहुधा गाय किंवा डुकरापासून मिळवलेला असतो. धर्म वा आहाराच्या दृष्टीने ज्यांना हे चालत नाही त्यांनी आधीच स्पष्ट विचारावे. संकोच करू नये. कृत्रिम पर्याय उपलब्ध आहेत.

यामुळे झीज पूर्णपणे थांबते असे मात्र नाही. ती कमी होते; रुंदीत साधारण दीड-दोन मिलिमीटर हाड वाचते.

कोणाला गरज नाही?

अक्कलदाढ किंवा दुधाचा दात काढताना याची जरूर नसते. ज्यांना त्या जागी पुढे काहीच बसवायचे नाही त्यांनी खर्च करण्याचे कारण नाही. खोबणीत खूप पू असेल तर आधी तो बरा करावा लागतो. मधुमेह ताब्यात नसेल, जबड्याला किरणोपचार झाले असतील किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषधे चालू असतील, तर हे सर्व दात काढण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. आणि पहिला प्रश्न हाच विचारावा, की रूट कॅनाल करून दात वाचेल काय? हाडाचा खरा राखणदार स्वतःचा दातच.

दात काढल्यावर घ्यायची काळजी

कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरावा. पहिले चोवीस तास चूळ भरू नये, थुंकू नये, नळीने काही पिऊ नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार गुळण्या कराव्यात. मशेरी, गुटखा, तंबाखू, विडी-सिगारेट पूर्ण बंद ठेवावी. यांनी जखम चिघळते आणि केलेला खर्च वाया जातो. जिभेने किंवा काडीने जखम चाचपू नये. एक-दोन दाणे बाहेर आले तर घाबरू नये. पण तिसऱ्या दिवसानंतर ठणका किंवा सूज वाढली, पू आला वा पडदाच निघाला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

दात काढून वर्षे लोटली असली तरी हाडाची भर घालता येते. पण ती शस्त्रक्रिया मोठी, खर्चही अधिक. म्हणून 'या जागी पुढे काय बसवायचे?' हा प्रश्न दात काढून घरी आल्यावर नव्हे, तर दात काढण्यासाठी खुर्चीवर बसण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावा.