निकाल आणि शिक्षकाची पारख

दहावीचा निकाल लागला की आपण शाळेची टक्केवारी पाहतो आणि तिथले शिक्षक कसे आहेत हे ठरवून मोकळे होतो. निकालाला किंमत नाही असे नव्हे. मुलाला काय येते, हे कळायलाच हवे. पण शिक्षकाची पारख तेवढ्यावर होते का? हा प्रश्न जुना आहे.

इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांचे सरकारी अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेशी बांधले. मूल नापास झाले की अनुदान कमी. मग शिक्षक परीक्षेपुरते शिकवू लागले आणि मुले वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करू लागली. स्वतः शाळा-तपासनीस असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर सतत टीका केली. शतक संपण्याआधी ती मोडीत निघाली.

निकालावर अनुदान देण्याची ही रीत मुंबई इलाख्यातही आली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी ती गरीब, अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवण्यास योग्य नाही असे सांगितले. जिथे शिक्षणाची गोडीच लागलेली नाही, तिथे स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून शिक्षकाचे पोट भरणार नाही, हा त्यांचा रोकडा मुद्दा होता.

त्या मुद्द्याचा अर्थ आजही तोच आहे. घरी पुस्तके आणि बाहेर शिकवणी असलेला मुलगा ऐंशी गुणांवरून पंच्याऐंशीवर जातो. रोजंदारीवर जाणाऱ्या घरातली मुलगी जूनमध्ये जोडाक्षराशी अडखळते आणि मार्चमध्ये धडा वाचून त्याचा अर्थ सांगते, तरी गुण पंचेचाळीसच. अधिक कष्ट कुठे झाले, हे निकालपत्र सांगत नाही. शिवाय आपल्या गावांतल्या मराठी शाळांचे वर्ग लहान असतात. बारा मुलांत एक नापास झाले की निकाल आठ टक्क्यांहून अधिक घसरतो. तेवढ्याने शिक्षक वाईट ठरत नाही.

मग पाहावे काय? मूल वर्षाच्या आरंभी कुठे होते आणि शेवटी कुठे पोचले. वहीत नुसती लाल खूण आहे, की चूक का झाली तेही लिहिले आहे. प्रश्न पहिल्या बाकालाच विचारले जातात, की शेवटच्या बाकालाही. गैरहजर मुलाची चौकशी होते का. यासाठी वर्गात एकदा नव्हे, चार वेळा बसावे लागते. एका दिवसाचा पाठ सजवता येतो.

आपल्यापैकी अनेकांचे नाते अशा शाळांशी पालक, माजी विद्यार्थी किंवा देणगीदार म्हणून आहे. आकडा पाहून आपण मूल काढून घेतले की पट घटतो. पट घटला की तुकडी बंद पडते आणि चांगला शिक्षकही जातो. तेव्हा निकालपत्र जरूर वाचा, पण निर्णय घेण्याआधी त्या मुलांच्या वह्या मागून पाहा.