मनाच्या हिशेबाची वही

शेतकऱ्याच्या घरी हिशेबाची एक वही असतेच. बियाण्याला किती गेले, खताची पोती किती आणली, सोसायटीचे देणे किती उरले, हे आपण तीत टिपून ठेवतो. कारण न लिहिलेला हिशेब डोक्यात घोळत राहतो. काळजीचेही तसेच आहे. पाऊस लांबला, भात आडवे झाले, उसाचे बिल अडकले, की घरचा कर्ता दिवसा गप्प होतो व रात्री जागतो. घरच्यांना घोर नको म्हणून तो बोलतही नाही. अशा वेळी मनातले कागदावर उतरविल्याने भार थोडा हलका होतो.

यावर शास्त्रीय प्रयोगही झाले आहेत. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी काही विद्यार्थ्यांना लागोपाठ ४ रात्री १५ मिनिटे लिहावयास सांगितले. एका गटाने आपल्या मोठ्या दुःखाविषयी, काय घडले आणि काय वाटले, हे दोन्ही लिहिले. लिहिल्यावर लगेच त्यांना अधिकच उदास वाटले. पण पुढील ६ महिन्यांत त्यांना दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. पुढच्या अनेक प्रयोगांत मात्र सरासरी लाभ थोडाच दिसला. म्हणजे हा मदतीचा उपाय आहे, हमखास औषध नव्हे.

२०१८ साली टेक्सासमधील बेलर विद्यापीठाच्या प्रयोगात, निजण्यापूर्वी ५ मिनिटे पुढची कामे लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिनिटे लवकर झोप लागली.

तेव्हा आमची सूचना अशी: जेवणानंतर तारीख घालून तीन गोष्टी लिहाव्यात. आज काय घडले, मनाला काय वाटले, उद्या काय करावयाचे. शुद्धलेखनाची चिंता नको. मराठी, कोकणी, कानडी, जी भाषा मनाची ती चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी विश्वासाच्या माणसाजवळ बोलावे. दुसऱ्याची वही मात्र कोणी न विचारता उघडू नये. लिहिताना तेच ते दुःख उगाळले जात असेल, तर वही मिटावी.

दोन आठवडे झोप व भूक नसेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर वहीवर विसंबू नये. डॉक्टरांना भेटावे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे. अशा घरातील फवारणीचे औषध शेजाऱ्याकडे कुलपात ठेवावे. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. माणूस पुन्हा मिळत नाही.