मोटारीचा एसी : आधीं निदान, मग चिकित्सा

रोग्यास औषध देण्यापूर्वीं रोगाचें निदान करावें, हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. माधवकरानें निदान ह्या एकाच विषयावर स्वतंत्र ग्रंथ रचिला, यावरून पूर्वजांस त्याचें महत्त्व केवढें वाटत होतें तें दिसून येतें. परंतु जो नियम आपण देहाच्या बाबतींत निमूटपणें मानतों, तोच घरांतील यंत्रांच्या बाबतींत विसरतों. उन्हाळा आला व मोटारीचा एसी थंड करीनासा झाला, कीं आपण मिस्त्र्यास एवढेंच सांगतों, "गॅस भरून टाका!" आम्हीहि असेंच सांगत असूं. त्याचें प्रायश्चित्त आमच्याऐवजीं एका वृद्धेस भोगावें लागलें, म्हणून हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालों आहों.

आमच्या एकत्र कुटुंबांत मोटार एकच आहे. २०२२ च्या उन्हाळ्यांत तिचा एसी मंदावला. जवळच्या एका गॅरेजांत गॅस भरून घेतला. कांहीं महिने बरें चाललें. २०२३ सालीं पुनः तीच रड. त्या वेळीं धाकट्या सूनबाईंनीं विचारिलें, "मामंजी, गेल्या वर्षीं भरलेला गॅस गेला कोठें?" आम्हीं उत्तर दिलें, "पेट्रोल संपतें, तसा गॅसहि संपतो." सारा जन्म मुलांच्या शंकांचें निरसन करण्यांत घालविलेल्या शिक्षकानें असें उत्तर द्यावें, याची आज लाज वाटते.

पुढें २०२४ च्या मे महिन्यांत आमच्या वडील भगिनींस डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं सोलापुराहून पुण्यास आणावयाचें होतें. अक्कांचें वय त्र्याऐंशी. टेंभुर्णी मागें पडली आणि एसींतून गरम वारा येऊं लागला. कांचा उघडल्या, तों बाहेरची झळ आंत. इंदापूर येईपर्यंत अक्कांस ग्लानि आली. एका उपाहारगृहांत पंख्याखालीं निजवून, ओल्या पंचानें अंग पुसून, घोट घोट पाणी पाजलें, तेव्हां दीड तासानें त्या सावध झाल्या. घरीं सर्वांनीं मोटार चालविणाऱ्या चिरंजीवास बोल लाविला. तो बिचारा खालीं मान घालून उभा राहिला. वस्तुतः गॅस भरण्यावर भागवा, अधिक खर्च नको, असें दोन्ही वर्षीं सांगणारे आम्हीच होतों.

आतां मूळ गोष्ट सांगतों. एसींतील गॅस पेट्रोलाप्रमाणें जळत नाहीं. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्यास दाबतो, तेणेंकरून तो तापतो. मोटारीच्या तोंडाशीं असलेल्या कंडेन्सरमध्यें तो आपली उष्णता बाहेरच्या हवेस देऊन द्रवरूप होतो. मग एका बारीक झडपेंतून निसटतांना त्याचा दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डामागील कूलिंग कॉईलमध्यें त्याची वाफ होतांना तो आंतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. माठांतील पाणी झिरपून वाफ होतांना माठ थंड होतो, त्यांतलेंच हें तत्त्व. पुष्कळ मोटारींत वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस साध्या दाबाखालीं उणे २६ अंशांवरच उकळतो, म्हणून त्याच्या अंगीं हें सामर्थ्य आहे. अनेक वर्षांत तो रबरी नळ्यांतून अल्पसा झिरपतो हें खरें; परंतु दर उन्हाळ्यास भरावा लागत असेल, तर कोठें तरी गळती आहे असेंच समजावें.

मात्र थंडावा नाहीं म्हणजे गॅस नाहीं, असेंहि नव्हे. वारा थंड आहे, परंतु त्यास जोर नाहीं, अशा वेळीं दोष बहुधा हवेच्या फिल्टरचा असतो. पुष्कळ मोटारींत तो पुढील डाव्या आसनासमोरच्या खणामागें असतो. धुळीनें भरला असल्यास घरच्या घरीं बदलतां येतो. मोटार धांवतांना थंडावा आणि चौकांत उभी राहतांच कोमट वारा, असें असेल तर कंडेन्सरचा पंखा बंद पडला आहे काय, किंवा त्याच्या जाळींत चिखल साचला आहे काय, तें पाहावें. प्रथम उत्तम थंडावा, मग वारा क्षीण, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला कीं पुनः पूर्ववत्, ही कॉईलवर बर्फ धरत असल्याची खूण होय. कुबट वास येणें हें कॉईलवरील बुरशीचें लक्षण. पायाशीं पाणी सांचणें हें निचऱ्याची नळी तुंबल्याचें. मोटारीखालीं पाणी ठिबकणें मात्र रोगाचें नव्हे, प्रकृतिस्वास्थ्याचें चिन्ह आहे.

मुळींच थंडावा नसेल तर बॉनेट उघडून कान द्यावा. पुष्कळ मोटारींत एसी चालू करतांच कॉम्प्रेसरचा क्लच लागल्याचा 'टक्' असा आवाज येतो. तो न आल्यास फ्यूज वा रिले गेलेला असेल, किंवा गॅस इतका घटला असेल कीं रक्षक स्विच कॉम्प्रेसरला चालूंच देत नसेल. कांहीं नव्या मोटारींत असा क्लच नसतो. तेथें ही परीक्षा लागू नाहीं.

येथपर्यंत गृहस्थाची परीक्षा, पुढची मिस्त्र्याची. त्यानें दोन गेज लावून दोन्ही बाजूंचा दाब पाहिलाच पाहिजे. दोन्ही दाब कमी असल्यास गॅस घटल्याचा संशय घ्यावा. दोन्ही अधिक असल्यास गॅस प्रमाणाबाहेर भरला आहे, किंवा कंडेन्सर उष्णता टाकूं शकत नाहीं. कमी दाबाची बाजू चढलेली आणि अधिक दाबाची उतरलेली दिसल्यास कॉम्प्रेसर दुबळा झाला असण्याचा संभव असतो. गेज न लावतांच गॅस भरणारा मिस्त्री नाडी न पाहतां पुडी देणाऱ्या वैद्यासारखाच समजावा.

गळती ठरली कीं ती शोधावी. सांध्यांवर तेलकट धूळ चिकटलेली दिसते. साबणाच्या फेसाचे बुडबुडे येतात. किंवा गॅसबरोबर रंगद्रव्य घालून अतिनील दिव्याखालीं पाहतात. सांधा दुरुस्त झाल्यावर पंपानें नळ्या निर्वात कराव्या, व कांटा स्थिर राहतो कीं नाहीं तें पाहावें. यायोगें आंतील ओलावाहि निघून जातो; तो राहिल्यास झडपेंत बर्फ होतो व आम्ल उत्पन्न होऊन धातु खाल्ला जातो. शेवटीं बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस तोलून भरावा. लहान मोटारीस तो साधारणतः अर्धा किलोच्या आसपास लागतो. अधिक भरल्यानें थंडावा वाढत नाहीं, उलट घटतो.

आमच्या मोटारींत दोष निघाला तो कंडेन्सरच्या सांध्यावरील एका रबरी कड्यांत. त्याची किंमत कांहीं रुपये. परंतु कॉम्प्रेसरचें वंगण गॅसबरोबरच फिरतें व गळतींतून बाहेर जातें. दोन वर्षें कोरडा पडत गेलेला कॉम्प्रेसर अखेर जाम झाला, आणि नवा बसविण्यास हजारों रुपये मोजावे लागले. हानि एवढ्यावरच थांबत नाहीं. आर-१३४ए हा शंभर वर्षांच्या हिशेबानें कार्बन डायॉक्साइडपेक्षां हजारपटींहून अधिक उष्णता पृथ्वीभोवतीं अडवून धरतो. अशा वायूंचा वापर घटविण्यासाठीं २०१६ सालीं किगाली येथें राष्ट्रांनीं करार केला, व भारतानें त्यास २०२१ सालीं मान्यता दिली. फुटक्या भांड्यांत दर वर्षीं गॅस ओतणें म्हणजे उन्हाळ्यावर उपाय करतां करतां उन्हाळाच वाढविणें होय.

कांहीं पथ्येंहि सांगून ठेवितों. नळ्या स्वतः कधींहि उघडूं नयेत. निसटणारा गॅस त्वचा गोठवितो, व डोळ्यांत गेल्यास दृष्टीवर बेततें. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील नारिंगी तारांस तर हातहि लावूं नये. उन्हांत उभ्या मोटारींत बसतांच कांचा उघडून तापलेली हवा प्रथम बाहेर जाऊं द्यावी. हिवाळ्यांतहि महिन्यांतून दोनदां दहा मिनिटें एसी चालवावा, म्हणजे सांध्यांतील रबर वंगणानें ओलें राहतें. आणि वृद्धांस वा लेंकरांस घेऊन उन्हाळ्यांत दूर जावयाचें असल्यास आठ दिवस आधीं ही सर्व परीक्षा उरकावी.

असो. अक्कांची शस्त्रक्रिया पुढें जुलैंत सुखरूप पार पडली. आम्हीं चिरंजीवाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली, व सूनबाईंस सांगितलें कीं त्यांची शंकाच खरें निदान होती. वाचकांसहि एवढेंच विनवितों. मिस्त्री "गॅस संपला" असें म्हणाला, तर पैसे काढण्यापूर्वीं त्यास विचारावें, "गेला कोठून?"