थोडे भांडवल, जलद फेरा

लहान व्यवसायाचा विषय निघाला की भांडवल किती लागेल, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि बहुतेक वेळा चर्चा तेथेच थांबते. गुंतवलेला पैसा किती दिवसांनी परत हाती येणार, हा त्याच्या जोडीचा प्रश्न मात्र धंदा सुरू होऊन पहिल्या महिन्याचा हिशेब जुळेनासा झाल्यावर सुचतो. ज्याच्या गाठीला पुरेसा पैसा आहे त्याला हा उशीर परवडतो. ज्याच्या हाती जेमतेम काही हजार रुपये आहेत त्याच्या बाबतीत दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक निर्णायक ठरतो. मुंबईत सामान्य घरांतील स्त्रियांनी उभे केलेले दोन व्यवसाय, गिरगावातील पापडाचा आणि गिरणगावातील खानावळीचा, या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. कारण दोन्हींची सुरुवात तुटपुंज्या पैशाने झाली, दोन्हींत राबणारे हात घरातलेच होते, आणि तरीही पैसा परत येण्याच्या वेगळ्या गतीमुळे दोन्हींचे आर्थिक स्वरूप अगदी निराळे झाले.

भांडवलाचे दोन भाग

व्यवसायात घातलेला पैसा दोन ठिकाणी जातो. जागा, यंत्रे, भांडी, कपाटे यांसारख्या वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वस्तूंमध्ये जो अडकतो त्याला स्थिर भांडवल म्हणतात. कच्चा माल, मजुरी, वाहतूक, वेष्टन आणि गिऱ्हाइकाकडे राहिलेली उधारी यांत जो गुंततो आणि विक्रीनंतर सुटा होऊन पुन्हा कच्च्या मालाकडे वळतो, त्याला खेळते भांडवल म्हणतात. रुपया कच्च्या मालात गेल्यापासून विक्रीची रोकड होऊन परत येईपर्यंत जो काळ जातो, तो त्या व्यवसायाचा फेरा होय.

या फेऱ्याचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होते. एखाद्याजवळ ५,००० रुपयांचे खेळते भांडवल आहे आणि प्रत्येक फेऱ्यात सर्व खर्च वजा जाता त्यावर दहा टक्के, म्हणजे ५०० रुपये उरतात, असे धरले, तर पाच दिवसांत फेरा पूर्ण करणाऱ्याला तीस दिवसांत सहा फेरे मिळून ३,००० रुपये मिळतील, आणि ज्याचा फेरा महिनाभर चालतो त्याच्या हाती तेवढ्याच भांडवलावर, तेवढ्याच टक्क्याने, फक्त ५०० रुपये पडतील. हे पाच हजार महिना शेकडा पाच दराने उसने घेतलेले असतील, तर २५० रुपये व्याज पहिल्याच्या कमाईचा बारावा हिस्सा ठरते, तर दुसऱ्याची निम्मी कमाई खाऊन टाकते. म्हणजे रक्कम, नफ्याचा टक्का आणि व्याजाचा दर हे तिन्ही सारखे असूनही एकाचा धंदा तगतो आणि दुसऱ्याचा सावकाराच्या दारात जातो.

ऐंशी रुपयांचा पापड

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला सुरुवात केली आणि पुढे ‘लिज्जत’ या नावाने घरोघरी पोहोचलेल्या ‘श्री महिला गृहउद्योग’ या संस्थेचा पाया त्या दिवशी घातला गेला. ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’चे सदस्य छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबापा, यांच्याकडून घेतलेले ८० रुपयांचे कर्ज एवढेच त्यांचे भांडवल होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि पापड भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकले जाऊ लागले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची होती, म्हणजे मूळ कर्जाच्या सत्तर पटींहून अधिक. छोटी रक्कम अनेकदा फिरल्याशिवाय हे घडणे शक्य नव्हते.

हा वेग वस्तूच्या स्वरूपात आणि कामाच्या मांडणीत होता. उडदाचे पीठ, मिरी, हिंग, मीठ आणि पापडखार हा कच्चा माल किरकोळ प्रमाणातही मिळतो. पीठ तिंबून, कुटून, लाट्या करून लाटलेला पापड कडक उन्हात लवकर वाळतो. वाळलेला पापड हलका, टिकाऊ आणि विकायला सोपा असतो. पोळपाट, लाटणे, परात ही साधने घरात आधीच होती आणि वाळवणाला गच्ची होती, त्यामुळे स्थिर भांडवलावर खर्च करण्याची वेळच आली नाही आणि उसना पैसा जवळजवळ संपूर्णपणे मालाकडे वळवता आला. पुढे कामाला येणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढून जागा अपुरी पडू लागली, तेव्हाही मोठी इमारत घेण्याऐवजी भिजवलेले पीठ सभासदांना घरी नेऊ देण्याची आणि लाटलेले पापड परत आणल्यावर वजन करून पाकिटे भरण्याची पद्धत सुरू झाली. यामुळे एकीकडे घराघरांतील ओटे हीच कारखान्याची जागा बनली, तर दुसरीकडे पीठ एकाच ठिकाणी तयार होत असल्यामुळे शेकडो हातांनी लाटलेल्या पापडाची चव एकसारखी राहिली.

या मांडणीचे कच्चे दुवेही लवकरच उघडे पडले. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळवता येईनात, म्हणून काम चार महिने बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी खाट आणि स्टोव्ह विकत घेण्यात आले; खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा, या साध्या तोडग्याने फेरा बारमाही झाला. स्थिर भांडवलावरील हा खर्च लक्षात घेण्याजोगा आहे, कारण तो व्यवसाय सुरू करताना झाला नाही, तर फेरा नेमका कोठे अडतो हे कळल्यानंतर, ती अडचण दूर करण्यापुरताच झाला. सुरुवातीलाच यंत्रे आणि दुकानाची सजावट यांत पैसा घालून मालासाठी हात रिकामे करून बसणाऱ्या नवउद्योजकाच्या नेमके उलट असे हे धोरण होते.

आरंभी या स्त्रिया दोन प्रतींचे पापड करीत असत आणि त्यांतील एक प्रत स्वस्त होती. स्वस्त मालाच्या मागे न लागता एकच उत्तम प्रत ठेवावी, तिच्याबाबत तडजोड करू नये आणि हिशेब चोख लिहावेत, असा छगनबापांचा आग्रह होता. देणगी मागायची नाही, हा निर्णय स्त्रियांनी स्वतःच पहिल्यापासून घेतला होता. या तिन्ही गोष्टी नैतिक शिस्तीच्या वाटल्या तरी त्यांना सरळ आर्थिक अर्थ आहे: देणगीच्या आधाराने चालणाऱ्या धंद्यात तोटा झाकला जातो, आणि हिशेब नसलेल्या धंद्यात तो दिसतच नाही. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने या संस्थेला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली आणि ८ लाख रुपयांचे खेळते भांडवल दिले ते १९६६ मध्ये, म्हणजे सात वर्षे स्वतःच्या कमाईवर फेरे झाल्यानंतर. मोठा पैसा आला तेव्हा त्याला सामावून घेणारी घडी आधीच बसलेली होती.

खानावळीचा महिनाभराचा फेरा

गिरगावापासून थोड्याच अंतरावर असलेल्या परळ, लालबाग, करी रोड या गिरणगावातील वस्त्यांमध्ये खानावळ हा स्त्रियांचा जुना व्यवसाय होता. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून चाळीतील खोल्यांमध्ये दाटीवाटीने राहत आणि दोन वेळच्या जेवणासाठी शेजारच्या एखाद्या बाईकडे खानावळ लावत. स्थिर भांडवल येथेही नगण्यच होते. चूल, भांडी आणि पहाटे उठून भाकऱ्या थापणारे हात एवढ्यावर काम चाले. गिऱ्हाईक मात्र पगार झाल्यावर, म्हणजे महिन्याने पैसे देणार, आणि तांदूळ, पीठ, भाजी, रॉकेल यांचा खर्च रोजचा. मधल्या तीस दिवसांचा भार खानावळवालीवर पडे. वाण्याकडे उधारीचे खाते, सावकाराचे व्याज आणि गहाण पडलेले दागिने ही त्या भाराची रूपे होती, आणि तिची मजुरी त्या व्याजात कधी विरघळून गेली हे तिला स्वतःलाही सांगता येत नसे.

प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन करून या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांना संघटित करून, गटाच्या जबाबदारीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देणे हे मंडळाच्या सुरुवातीच्या कामाचे मुख्य अंग होते. या कर्जाने पगाराच्या दिवसापर्यंतचा काळ सावकाराऐवजी बँकेच्या कमी व्याजावर काढता येऊ लागला. फेरा लहान झाला नाही, पण तो पूर्ण होण्याची वाट पाहण्याची किंमत उतरली. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर अवलंबून राहण्याचा धोका मात्र कर्जाने टळण्यासारखा नव्हता. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपात पगार थांबले, पुष्कळ कामगार गावी परतले आणि त्यांच्या जेवणावर चालणाऱ्या चुलींचा आधारच खचला.

रोजचा पैसा आणि महागडे कर्ज

या दोन टोकांच्या पलीकडे भाजीची हातगाडी हे तिसरे, अत्यंत जलद फेऱ्याचे उदाहरण आहे. पहाटे घाऊक बाजारात माल उचलायचा आणि संध्याकाळपर्यंत विकून मोकळे व्हायचे, असा येथे एका दिवसाचा फेरा असतो. म्हणूनच सकाळी व्याज आधीच कापून ९०० रुपये हाती ठेवायचे आणि संध्याकाळी पुरते १,००० वसूल करायचे, अशा खासगी सावकारीतही विक्रेता तग धरून राहतो. पण दिवसाला अकरा टक्क्यांहून अधिक पडणारे हे व्याज भरल्यावर त्याच्यापाशी दुसऱ्या दिवशीच्या मालापुरतेही काही उरत नाही, आणि वर्षानुवर्षे धंदा करूनही तो स्वतःच्या भांडवलावर उभा राहत नाही. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम स्वनिधी’ योजनेत पथविक्रेत्यांना आरंभी १०,००० रुपयांपर्यंतचे खेळते भांडवल विनातारण देण्याची आणि वेळेवर परतफेड केल्यास पुढची मोठी रक्कम देण्याची जी रचना करण्यात आली, तिचा रोख याच गळतीकडे होता. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते, आणि महिला बचत गटांना गटाच्या परतफेडीच्या नोंदींवर बँकेचे कर्ज मिळू शकते. या सोयींचा खरा लाभ मात्र आपला फेरा किती दिवसांचा आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच होतो. कारण कर्जाचा हप्ता विक्रीच्या फेऱ्यापेक्षा आधी येऊ लागला, तर स्वस्त कर्जही गळ्याशी येते.

हिशेबातील अदृश्य खर्च

घरगुती व्यवसायाचा नफा बऱ्याचदा फसवा असतो, आणि त्याचे कारण म्हणजे घरच्या माणसांची मजुरी, घरचा गॅस, वीज आणि जागा यांची किंमत धरली जात नाही. ३०० रुपयांच्या मालातून ५०० रुपयांची विक्री झाली म्हणजे २०० रुपये सुटले, असे मानले जाते. पण त्यामागे दोघींचा अर्धा दिवस गेला असेल आणि इंधन घरखर्चात मिसळले असेल, तर त्या दोनशेंत नफा नसून अपुरी मजुरीच असते. लिज्जतमध्ये पापड लाटण्याची मजुरी ठरलेल्या दराने वेगळी दिली जाते आणि नफ्याची वाटणी त्यानंतर होते. या दोन रकमा वेगळ्या ठेवल्यामुळे पापडाचा भाव मजुरीसकट परवडतो की नाही हे कळू शकते. एकट्याने धंदा करणाऱ्यानेही स्वतःची मजुरी वहीत लिहिली आणि घराचा व धंद्याचा पैसा वेगळा ठेवला, तर भाव ठरवताना होणारी पुष्कळशी फसगत टळते.

कायदेशीर पूर्ततेचा खर्च बहुधा समजला जातो तेवढा नसतो, पण ती टाळण्यात धोका असतो. खाद्यपदार्थ विकायचे असतील, मग ते घरच्या स्वयंपाकघरात केलेले असले तरी, २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली नोंदणी करावी लागते. पाकिटबंद मालावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि तयार केल्याची तारीख छापावी लागते. आणि लघुउद्योग म्हणून ओळख देणारी ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते. दुकानदार आणि बँका दोघेही पुढे हेच कागद मागतात.

कमी पैशात सुरू होणाऱ्या धंद्याची एक मर्यादाही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. जे काम पाच हजारांत एकाला सुरू करता येते ते त्याच गल्लीतील दुसऱ्यालाही करता येते, आणि मग भाव पाडण्याची चढाओढ लागून नफ्याचा टक्का आटत जातो. या चढाओढीत स्वस्त प्रत काढून टिकाव धरणे अवघड असते, हे लिज्जतने एकाच प्रतीवर दिलेल्या भरावरून दिसते. गिऱ्हाइकांच्या आठवणीत राहणाऱ्या चवीची नक्कल ऐंशी रुपये उसने आणून कोणालाही करता येण्यासारखी नव्हती.

म्हणून थोड्या पैशात व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्याने कर्जाचा अर्ज भरण्याआधी पाचशे-हजार रुपयांचा माल करून, तो अनोळखी गिऱ्हाइकाला रोखीने विकून, किती दिवसांनी किती रुपये परत आले आणि मजुरी वजा जाता त्यांतून काय उरले, हे दोन-तीन वेळा लिहून काढणे हिताचे असते. तेवढ्या नोंदींवरून त्याला किती कर्ज झेपेल हे कळते आणि मुळात कर्जाची गरज आहे की फेरा लहान करण्याची, याचेही उत्तर मिळते.